मंचुरियनला मांचुरिया कशाला हवा?

‘हे काही खरं चायनीज नव्हे,’ असं टेबलावर कुणीतरी म्हणतंच. बहुतेक वेळा नुकतंच परदेशात जाऊन आलेलं कुणीतरी. मग बाकीचे ट्रिपल शेजवान खाता खाता उगाच ओशाळतात. मला हे वाक्य निरुपयोगी वाटतं. चिकन मंचुरियनचा मांचुरियाशी काही संबंध नाही, हे खरंच आहे. पण त्यानं बिघडलं काय? तो मुंबईचा पदार्थ आहे. सगळीकडे सांगितली जाणारी हकीकत अशी, की १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांच्याकडे एका गिऱ्हाइकानं काहीतरी वेगळं मागितलं. वांग कोलकात्यात जन्मलेले. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतली. पण पुढे गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि रस्सा कॉर्नफ्लोअरनं दाट केला. सुरुवात आपल्या फोडणीची, शेवट चिनी. यात खोटं काहीच नाही.

मग अशा जेवणाला जोखायचं कशानं? माझ्यापुरते दोन प्रश्न आहेत. कढईत काय घडलं? आणि हे जेवण आपण कुठून आलो ते विसरलंय का?

पुण्यातल्या एका नव्या ‘इंडो-चायनीज फ्युजन’ रेस्टॉरंटमध्ये हे दोन्ही प्रश्न घेऊन जेवलो. नाव लिहीत नाही, कारण अशी आता बरीच निघाली आहेत. लाल कंदील, भिंतभर ड्रॅगन आणि मेन्यूच्या पहिल्या पानावर शांघायच्या गल्लीबोळांची गोष्ट.

आधी कढईचं बोलू. ‘डीकन्स्ट्रक्टेड चायनीज भेळ’ ४२५ रुपयांना होती. एका वाटीत तळलेल्या नूडल्स, दुसऱ्यात कोबी आणि पातीचा कांदा, सॉस वेगळ्या नळीत. चायनीज भेळेची सगळी मजा एका मिनिटाची असते. नूडल्स सॉसनं ओल्या झालेल्या असतात, पण अजून मऊ पडलेल्या नसतात. इथं ते मिनिटच काढून टाकलंय. मंचुरियनचे गोळे छान कुरकुरीत, पण रस्सा जिभेला पिठूळ लागला. कॉर्नफ्लोअर नीट उकळलं नाही की असंच होतं. फ्राइड राइस ओलसर. भात थंड झाला की दाणा घट्ट होतो आणि मोठ्या आचेवर सुटा राहतो; म्हणून गाडीवाला दुपारीच भात शिजवून पसरून ठेवतो. हे ज्ञान कोपऱ्यावरच्या गाडीवर आहे आणि एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरात नाही, याचं नवल वाटलं.

गाडीचे गोडवे गायचे नाहीत. त्या लालभडक रंगाबद्दलची तक्रार रास्त आहे. २०२४ मध्ये कर्नाटकनं गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली आणि म्हापशाच्या नगरपालिकेनं तर गोबी मंचुरियनच्या गाड्यांनाच मनाई केली. पण आच, क्रम आणि वेळ यांत गाडीवाला पक्का असतो.

शेजवान सॉसची गंमत वेगळीच. सिचुआन प्रांताच्या स्वयंपाकात जीभ बधिर करणारी एक मिरी लागते. आपल्या शेजवानमध्ये ती नसते. लाल मिरची, लसूण, व्हिनेगर असा तो आपल्या ठेच्याचाच शहरी भाऊ. पण त्या सिचुआन मिरीची सख्खी चुलत बहीण कोकणात आहे: तिरफळ. दोन्ही एकाच वनस्पतिगटातल्या, दोन्ही जिभेला झिणझिण्या आणणाऱ्या. बांगड्याच्या तिखल्यात आपण ती पिढ्यानपिढ्या घालतो. महाराष्ट्रात बसून ‘फ्युजन’ करणाऱ्याला यापेक्षा सोपी वाट कुठली? या रेस्टॉरंटनं शेजवानमध्ये ट्रफल तेल घातलंय.

एक पदार्थ मात्र मनापासून आवडला: बोंबील चिली ड्राय. बाहेरून कडक, आत लोण्यासारखा, सॉस जेमतेम माखलेला. त्या बोंबलाला शांघायची गोष्ट लागत नाही.

आता दुसरा प्रश्न. या जेवणाची खरी गोष्ट शांघायपासून नव्हे, कोलकात्यापासून सुरू होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस टाँग अच्यू नावाचा चिनी माणूस तिथं आला, त्यानं साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावाचं अछीपूर आजही आहे. पुढे आलेल्या हक्का लोकांनी टँग्रात चामड्याचे कारखाने चालवले, खानावळी काढल्या. ‘हक्का नूडल्स’मधला हक्का हा मसाला नाही, तो समाज आहे. १९६२च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं, काहींना कित्येक वर्षं. त्यांतले बरेच इथंच जन्मलेले होते. नंतर अनेक कुटुंबं कॅनडाला निघून गेली. त्यांच्या हातची चव आपण ठेवून घेतली, माणसं विसरलो.

हा विसर जुना झालेला नाही. या रेस्टॉरंटमध्ये वाढणाऱ्या मुलांना रेशमी चिनी जाकिटं घातलेली आहेत. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी एकाला विचारलं, ‘तू चायनाचा का रे?’ तो म्हणाला, ‘नाही सर, दिमापूर, नागालँड.’ आणि पाणी ओतून पुढे गेला. ज्या चेहऱ्याला रस्त्यात ‘चायनीज’ म्हणून हिणवतात, तोच चेहरा इथं सजावट म्हणून उभा केलाय. पिठूळ रश्श्याला माफी आहे, तो उद्या सुधारेल. हे मात्र मला सगळ्या जेवणात जास्त बेचव वाटलं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: जाकिटं काढा, मुलांना साधा शर्ट द्या. मेन्यूच्या पहिल्या पानावर शांघायच्या जागी टँग्रा लिहा. भात दुपारी शिजवा. ट्रफलची बाटली संपली की नवी आणू नका. मालवणहून किलोभर तिरफळं मागवा. बोंबील आहे तसाच राहू दे.