विजेत्याच्या वेळेचा रकाना

गुहागरच्या आसपास कुठे मोटार शर्यतीचा ट्रॅक नाही. इथल्या रसिकापर्यंत शर्यत पोचते ती बहुतेकदा मोबाइलवर उघडलेल्या निकालाच्या तक्त्यातून. क्रमांक, नाव, संघ, वेळ. क्रियापद नाही, विशेषण नाही. सगळा अर्थ मांडणीत. म्हणूनच हा तक्ता सावकाश वाचायला हवा. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं ज्या आखातात नोकरीला गेली, त्याच आखातातल्या बहारीनमध्ये ६ डिसेंबर २०२० रोजी फॉर्म्युला २ ची स्प्रिंट शर्यत झाली. तिचा निकाल मला असाच पुन्हापुन्हा वाचावासा वाटतो.

पहिली ओळ : जेहान दारूवाला, कार्लिन. मुंबईचा, तेव्हा बावीस वर्षांचा मुलगा, फॉर्म्युला २ ची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. या ओळीतलं खरं सौंदर्य वेळेच्या रकान्यात आहे. तिथे पूर्ण वेळ छापली जाते ती फक्त विजेत्याची. बाकीच्यांपुढे अधिकचं चिन्ह आणि विजेत्यापासूनचं अंतर. म्हणजे त्या दिवशी इतर सगळ्यांची मोजणी एका भारतीयाच्या वेळेपासून सुरू झाली. कौतुकाचा एकही शब्द न वापरता तक्त्याने केलेला हा गौरव आहे.

दुसरी ओळ युकी त्सुनोदाची, दारूवालाच्याच संघातल्या जोडीदाराची. तिची किंमत कळते ती सुरुवातीच्या क्रमवारीशी ताडून पाहिल्यावर. स्प्रिंटच्या तेव्हाच्या नियमानुसार आदल्या दिवशीच्या मुख्य शर्यतीतले पहिले आठ जण उलट्या क्रमाने उभे राहत. मुख्य शर्यत त्सुनोदाने जिंकली होती, म्हणून तो आठव्या जागेवरून निघाला आणि दुसरा आला. दारूवाला पहिल्या रांगेतून निघाला होता. ही सोय त्याला नियमाने दिली, पण ३.५४३ किलोमीटरच्या त्या आखूड ट्रॅकवर, जेमतेम मिनिटभराच्या फेऱ्यांत, डॅन टिक्टमशी झुंजून पुढे जाणं आणि मागून चढत येणाऱ्या त्सुनोदाला शेवटपर्यंत मागे ठेवणं हे त्याचं स्वतःचं. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की दोघांच्याही पराक्रमाला न्याय मिळतो.

आता खूप खाली या. अठरावी ओळ : मिक शूमाखर. चाकं लॉक होऊन टायर खराब झाला, पिटमध्ये जावं लागलं आणि तो मागे पडला. पण वर्षाच्या विजेतेपदासाठीचा त्याचा प्रतिस्पर्धी कॅलम आयलॉट दहावा आला. स्प्रिंटमध्ये क्रमांकाचे गुण पहिल्या आठांनाच, त्यामुळे दोघांच्याही पदरी शून्य. दोघांमधलं आधीचं १४ गुणांचं अंतर तसंच राहिलं आणि २१५ विरुद्ध २०१ अशा गुणांनी शूमाखर त्या वर्षीचा विजेता ठरला. वर्षभराची कमाई या ओळीच्या मागे उभी आहे. एका दिवसाच्या तक्त्यात तिला जागा नाही.

शर्यतीचा निकाल हा असा एकमेकांत गुंतलेला मजकूर असतो. सुरुवातीची क्रमवारी त्याच्या आधी आणि गुणतालिका त्याच्या नंतर वाचली, की अठराव्या क्रमांकाचं हसू आणि पहिल्या क्रमांकाचा घाम दोन्ही दिसू लागतात. नुसतं पहिलं नाव पाहून पान मिटणाऱ्याला फक्त बातमी कळते. शर्यत बघायची असेल, तर शेवटच्या ओळीपर्यंत उतरायला हवं.