एनक्लेक्स नेमकं काय मोजते?

व्हॅलिडिटीची व्याख्या पाठ करण्यापेक्षा एखादी खरी परीक्षा उसवून बघितली की ती जास्त कळते. आज अमेरिकेतली एनक्लेक्स-आरएन घेऊ. तिथे नर्स म्हणून लायसन्स हवं तर ही पास व्हावीच लागते, त्यामुळे आपल्याकडून तिकडे जाऊ पाहणाऱ्या नर्सेसही तिची तयारी करत असतात.

एप्रिल २०२३ पासून ही परीक्षा बदलली. आता प्रत्येकीला तीन केस स्टडी येतात, प्रत्येकीवर सहा प्रश्न. परीक्षा घेणाऱ्या मंडळाचा दावा असा की यातून 'क्लिनिकल जजमेंट' मोजलं जातं. सहा प्रश्न म्हणजे त्यांच्या मॉडेलमधल्या सहा पायऱ्या. खुणा ओळखण्यापासून सुरुवात, आणि केलेल्या उपायाचा परिणाम तपासून शेवट.

मी बनवलेलं उदाहरण बघा. हार्ट फेल्युअरचे ७२ वर्षांचे आजोबा, डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड चालू. मळमळतंय, जेवण जात नाही, नाडी ५२, पोटॅशियम २.९. नॉर्मल ३.५ ते ५ हे पाठ असलेली मुलगी 'पोटॅशियम कमी' एवढं सांगेल. पण कामाचं ज्ञान जोडणीत आहे. फ्युरोसेमाइडमुळे पोटॅशियम लघवीवाटे जातं, ते कमी झालं की डिगॉक्सिनची विषबाधा व्हायची शक्यता वाढते, आणि मळमळ, मंद नाडी या तिच्याच खुणा असू शकतात. म्हणजे पुढचा डोस थांबवायचा, डॉक्टरांना कळवायचं, मॉनिटर लावायचा. पोटॅशियम शिरेतून द्यायचं ठरलं तर पातळ करून, पंपावर, सावकाश. सिरिंजने थेट दिलं तर हृदय बंद पडू शकतं.

ही जोडणी नवी परीक्षा तपासते, अर्धवट बरोबर उत्तरालाही काही गुण देते. जुन्या सुट्या प्रश्नांपेक्षा हे नक्कीच बरं.

माझी तक्रार पहिल्या पायरीबद्दल आहे. केस स्टडीत खुणा आधीच लिहून दिलेल्या असतात: नर्सच्या नोंदी, रक्ताचे रिपोर्ट, नाडी-बीपी. 'दिव्याभोवती पिवळं वलय दिसतं' हे वाक्य स्क्रीनवर असेल, तर त्यावर क्लिक करायचं. वॉर्डात आजोबा असलं काही आपणहून सांगत नाहीत. 'नजर गेली आता वयामुळे' म्हणतील आणि कूस बदलतील. पिवळं दिसतंय का, हे नर्सला सुचावं लागतं, विचारावं लागतं. कोणीतरी शोधून मांडलेल्या खुणांतून निवड करणं आणि खूण स्वतः शोधणं, ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. परीक्षा पहिलं मोजते आणि नाव दोन्हींचं घेते.

सॅम्युअल मेसिक यांनी १९८९ मध्ये व्हॅलिडिटीचे दोन मोठे धोके सांगितले होते. जे मोजायचं त्यातला भाग सुटणं हा एक. आपली तक्रार तीच. दुसरा, भलतंच काही मोजलं जाणं. इथे विद्यार्थी घाई करतात. 'आमच्या मुलींना पॅरासिटामॉल माहीत, तिथे ॲसिटामिनोफेन लिहितात', किंवा 'कुठलं काम कोणावर सोपवायचं हे प्रश्न आम्हाला परके, आमच्याकडे मामा-मावशी आणि नातेवाईकच सगळं करतात', म्हणून परीक्षा अन्यायकारक. मला हे पटत नाही. लायसन्स अमेरिकेत काम करायचं आहे, तर तिथलं औषधाचं नाव आणि तिथली कामाची वाटणी ही मोजायच्याच गोष्टी. हेच प्रश्न सोलापूरच्या वॉर्डासाठी नर्स निवडायला वापरले, तर मात्र आक्षेप खरा. व्हॅलिडिटी प्रश्नपत्रिकेला चिकटलेली नसते. गुणांवरून आपण काय निष्कर्ष काढतो, त्याची असते.

अजून एक फसगत. ही परीक्षा उत्तरांनुसार पुढचा प्रश्न निवडते. ८५ ते १५० प्रश्नांच्या दरम्यान, उमेदवार पासच्या रेषेच्या वर की खाली याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक थांबतो. आकडा भारी वाटतो ना? पण ही खात्री पट्टीवरच्या जागेची आहे. पट्टी कशाची आहे, याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही.

कोणाला विषय हवा असेल तर घ्या: एकच केस, एका गटाला स्क्रीनवर, दुसऱ्याला रुग्णाचं सोंग घेतलेल्या माणसासमोर, जो विचारल्याशिवाय काही सांगणार नाही. गट चिठ्ठ्या टाकून पाडा, आणि कोणी काय विचारलं याची नोंद गुणांपेक्षा आधी ठेवा.