पंतप्रधानांचे अधिकार आणि नियम क्रमांक १२ : एक चिकित्सा

भारताच्या पंतप्रधानपदाचे विवेचन पदवी स्तरावरील पाठ्यपुस्तकांत बहुधा एकाच साच्यात आढळते. प्रथम ‘समानांमध्ये प्रथम’ हे वचन, मग अनुच्छेद ७४, ७५ व ७८ आणि शेवटी अधिकारांची यादी. या मांडणीत चुकीचे काही नाही; परंतु मंत्रिमंडळाला विचारल्यावाचून पंतप्रधान निर्णय घेऊ शकतात काय, या प्रश्नाला ती स्पर्श करीत नाही. प्रस्तुत लेखकानेही वर्गात ही यादीच अनेक वर्षे शिकविली आहे.

संविधान सभेत १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पंतप्रधानांना मंत्रिमंडळाची कमान तोलून धरणाऱ्या मधल्या दगडाची उपमा दिली होती. मंत्री नेमण्याचा व काढण्याचा अधिकार पंतप्रधानांकडे असल्याखेरीज सामूहिक जबाबदारी टिकणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे पंतप्रधानांचे सामर्थ्य हे साधन होते. साध्य सामूहिक जबाबदारी हेच होते.

अनुच्छेद ७७(३) अन्वये १९६१ मध्ये केलेल्या भारत सरकारच्या कार्यव्यवहार नियमांतील १२ वा नियम मात्र वेगळी वाट उघडतो. पंतप्रधान आपणांस आवश्यक वाटेल तेवढ्या मर्यादेत या नियमांपासून फारकत घेण्यास अनुमती देऊ शकतात. २५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या उद्घोषणेवर स्वाक्षरी केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. या अनुभवातून १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५२ मध्ये मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय अनिवार्य केला. संविधानाच्या मूळ इंग्रजी संहितेत ‘कॅबिनेट’ हा शब्द येतो तो या एकाच अनुच्छेदात, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

परंतु दार बंद झाले ते एकच. अनुच्छेद ३५६ मध्ये तशी अट नाही आणि १२ वा नियमही कायम राहिला. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट याच नियमाच्या आधारे, मंत्रिमंडळाच्या बैठकीविना उठविण्यात आली आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी झाला. १९७५ शी याची तुलना मर्यादित अर्थानेच करावी लागेल. तेव्हा नागरिकांच्या हक्कांवर घाला आला होता, येथे केंद्राची राजवट संपुष्टात आली. कार्यपद्धती मात्र तीच होती.

तातडीच्या प्रसंगी अशी तरतूद हवी, हे समर्थन अगदीच निराधार नाही. तथापि तातडी आहे की नाही हे ठरविणारी व्यक्ती आणि सूट देणारी व्यक्ती एकच असते. शिवाय हे नियम राष्ट्रपतींच्या नावे होतात. ते बदलावयाचे तर संसदेची मान्यता लागत नाही, लागतो तो पंतप्रधानांच्याच नेतृत्वाखालील मंत्रिपरिषदेचा सल्ला.