बीटी कापूस : तीन पेपर, तीन उत्तरं आणि बोंडातलं 9:3:3:1

दिवाळीला गावी गेलो की मोठेबाबा एक प्रश्न हमखास विचारतात. "सांग बाप्पा, तुह्या पेपरात काय लिवलं हाये? बीटी चांगलं का वाईट?" यवतमाळ जिल्ह्यात त्यांची कोरडवाहू कपाशी आहे आणि मी जनुकशास्त्रात पीएचडी करतोय, म्हणजे उत्तर मला यायला हवं. पहिली दोन वर्षं मी दर वेळी वेगळं उत्तर दिलं, कारण दर वेळी नुकताच वेगळा पेपर वाचलेला असायचा.

ते पेपर आज शेजारी शेजारी ठेवून वाचू. पीएचडीच्या मुलाखतीत जीएम पिकांवर प्रश्न आला की बहुतेक जण आपल्या मताला सोयीचा एक पेपर सांगून मोकळे होतात. मीही तेच केलं होतं. पॅनेलमधल्या बाईंनी फक्त "डेटा कुठल्या वर्षाचा?" एवढंच विचारलं आणि माझी दांडी उडाली.

आधी थोडी पार्श्वभूमी

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. अळीच्या आतड्यावर हल्ला करणारं प्रथिन बनवणारं त्याचं जनुक (क्राय1एसी) कपाशीत घातलं, ती बीटी कपाशी. भारतात मार्च 2002 मध्ये महिको-मोन्सँटोच्या तीन संकरित वाणांना परवानगी मिळाली. 2006 मध्ये क्राय2एबी हे दुसरं जनुकही असलेलं बोलगार्ड-2 आलं. दहाएक वर्षांत देशातली 90 टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी झाली.

पेपर पहिला : 80 टक्के

कैम आणि झिल्बरमन, 'सायन्स', 2003. भारतातल्या 2001 च्या शेतावरच्या चाचण्यांचा डेटा. बीटी संकरित वाण, तेच वाण बीटीशिवाय आणि एक स्थानिक वाण, असे तीन तुकडे शेजारी शेजारी. बीटीशिवायच्या त्याच वाणापेक्षा बीटीचं उत्पादन सुमारे 80 टक्के जास्त आलं.

रचना म्हणून हे उत्तम आहे, कारण जमीन तीच, शेतकरी तोच, वाणही तेच. फरक फक्त जनुकाचा. पण या चाचण्या बियाणं कंपनीनेच आखलेल्या होत्या, आणि त्या वर्षी बोंडअळीचा जोर मोठा होता, हे लेखकांनीही लिहिलंय. बीटी जनुक उत्पादन वाढवत नाही, अळीमुळे होणारं नुकसान वाचवतं. अळी जास्त असेल त्या वर्षी फरक मोठा दिसणारच. म्हणजे 80 हा आकडा जनुकाचा जितका, तितकाच 2001 च्या हंगामाचाही आहे.

पेपर दुसरा : 24 टक्के

काठागे आणि कैम, 'पीएनएएस', 2012. महाराष्ट्रासह चार राज्यांतली तीच ती शेतकरी कुटुंबं 2002 ते 2008 या काळात चार वेळा गाठली. इथली अडचण वेगळी असते. नवं बियाणं आधी कोण घेतं? पैसा, पाणी, माहिती असलेला शेतकरी. त्याचं उत्पादन तसंही जास्तच येणार. हा सिलेक्शन बायस काढण्यासाठी लेखकांनी एकाच कुटुंबाची बीटीआधीची आणि नंतरची वर्षं ताडून पाहिली. उत्तर आलं : एकरी उत्पादन 24 टक्के जास्त, नफा 50 टक्के जास्त.

संख्याशास्त्र शिकायचं असेल तर हा पेपर जरूर वाचा. पण डेटा 2008 ला संपतो. पुढे 2010 मध्ये खुद्द कंपनीने जाहीर केलं, की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी क्राय1एसीला दाद देत नाही. पेपर छापून आला 2012 मध्ये. वाचणाऱ्याने 2012 चं चित्र समजून तो वाचला, तर चूक पेपरची नाही, वाचणाऱ्याची आहे. मुलाखतीत माझी हीच चूक झाली होती.

पेपर तिसरा : श्रेय कोणाचं?

क्रांती आणि स्टोन, 'नेचर प्लांट्स', 2020. क्रांती हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक, स्टोन मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी जवळपास वीस वर्षांचे देश आणि राज्य पातळीवरचे आकडे मांडले. 2002-03 मध्ये देशाची सरासरी हेक्टरी सुमारे 300 किलो रुई होती, 2004-05 मध्ये ती 470 च्या आसपास गेली. तेव्हा मंजूर बीटीचं क्षेत्र 10 टक्क्यांहूनही कमी होतं. एवढी उडी एवढ्याशा क्षेत्रामुळे कशी? त्यांचं उत्तर : खतं, सिंचन, त्याच काळात आलेली नवी कीटकनाशकं. पुढे बीटी जवळपास सगळीकडे पोचलं, तेव्हा उत्पादन मात्र थबकलं. कीटकनाशकांवरचा खर्च आधी घटला आणि नंतर बीटीपूर्व काळापेक्षाही वर गेला.

युक्तिवाद दमदार आहे, पण यालाही तपासायला हवं. एक, गुजरातेत परवानगीशिवायचं बीटी बियाणं 2001 पासूनच पेरलं जात होतं. ते 'मंजूर क्षेत्रा'त मोजलेलं नाही. दोन, देशाच्या सरासरीवरून 'बीटी नसतं तर काय झालं असतं' हे कळत नाही. उत्पादन थबकलं याचा अर्थ जनुक निरुपयोगी ठरलं असाही होतो, आणि ते नसतं तर उत्पादन घसरलं असतं असाही.

थोडक्यात, पहिल्या पेपरने एका हंगामातलं जनुक मोजलं, दुसऱ्याने सहा वर्षांतली कुटुंबं आणि तिसऱ्याने वीस वर्षांतला देश. उत्तरं वेगळी आहेत, कारण प्रश्नच वेगळे आहेत.

तिघांच्या मधे राहून गेलेली गोष्ट

माझी खरी तक्रार मात्र या वादाच्या मांडणीबद्दल आहे. 'बीटी' हा शब्द आपण असा वापरतो, जणू शेतात जनुकच उगवतं. शेतात वाण उगवतं, आणि भारतात ते वाण संकरित आहे. संकरित बियाणं घरचं ठेवून चालत नाही, दरवर्षी विकत घ्यावं लागतं. या धंद्याच्या गणिताचा जनुकशास्त्रावर काय परिणाम होतो, ते बघा.

संकरित रोपाला विषाचं जनुक सहसा एकाच पालकाकडून येतं. त्या रोपाच्या प्रत्येक पानात विष असतं. पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी! कपाशीत बहुतांश स्वपरागीकरण होतं, म्हणून बारावीत पाठ केलेलं 9:3:3:1 तिथे प्रत्यक्ष अवतरतं. बोलगार्ड-2 च्या 16 सरक्यांपैकी 9 मध्ये दोन्ही विषं, 6 मध्ये एकच आणि एकीत एकही नाही. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकीच खाते. एकाच बोंडात तिला पूर्ण, अर्धा आणि शून्य डोस मिळतो. थोडी प्रतिकारक्षम अळी यात तगून जाते, आणि प्रतिकार वाढवायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

त्यात भर म्हणजे संकरित वाणांचा लांब हंगाम आणि त्यानंतर ठेवलेली फरदड, म्हणजे अळीला खाणं जास्त महिने. शिवाय बियाण्याच्या 450 ग्रॅम पाकिटासोबत बिगर-बीटीचं 120 ग्रॅमचं पाकीट यायचं. ते बांधाकडेने लावायचं, म्हणजे तिथे साध्या अळ्या टिकतील आणि प्रतिकारक्षम अळ्यांशी त्यांचा संकर होत राहील. आमच्या घरी ती पाकिटं फळीवर पडून असायची. अळीला जागा द्यायला कोण पेरणार?

आता अमेरिका पाहा. कीड हीच, जनुकंही हीच. पण तिथे सरळ वाण, आणि जोडीला वांझ पतंग सोडण्याची मोहीम व सापळे. 2018 मध्ये तिथल्या कपाशी पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर झालं. त्याच्या आदल्या वर्षी, 2017 मध्ये, विदर्भात हीच अळी बोंडं पोखरत होती आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाच्या आसपास माणसं गेली होती. हा फरक जनुकाच्या खात्यात टाकता येत नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

कुठलाही पेपर हातात घेतला की तीन गोष्टी वहीत लिहा : डेटा कुठल्या वर्षाचा, तुलना कशाशी, आणि मोजमापाचं एकक काय (तुकडा, कुटुंब की देश). मगच निष्कर्ष वाचा. आणि संशोधनाचा विषय शोधत असाल तर हा घ्या : सरकीतलं विषाचं वाटप, फरदड आणि न पेरलेलं बिगर-बीटी, यांतल्या कुणाचा वाटा किती, हे वेगळं करून दाखवणारा प्रयोग तुम्ही कसा रचाल? कमेंटमध्ये लिहा, चर्चा करू.

या दिवाळीला मोठेबाबांना मी कागदावर सोळा सरक्या काढून दाखवल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे सरळ वाण पायजे होतं. मंग ते दुकानात काऊन नाही भेटत?"

माझ्या तीन पेपरांपैकी एकाही पेपरने हा प्रश्न विचारलेला नाही.