‘ओसाड’ या शब्दाचा हिशेब

आपल्या वाङ्मयात ‘ओसाड माळ’ ही जोडी इतकी रुळली आहे, की लेखकाने ती लिहिली म्हणजे त्याने माळ पाहिलाच, असे आपण धरून चालतो. ही समजूत एकदा दारव्ह्याच्या शिवारात तपासून पाहावी.

येथली भूमी बेसाल्टची. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, पुढे ते झिजले आणि डोंगरांना पायऱ्या पडल्या. या खडकाला मिळालेल्या ‘ट्रॅप’ या नावाच्या मुळाशी जिना या अर्थाचा स्वीडिश शब्द आहे. कर्नल साइक्स यांनी १८३३ साली दख्खनच्या भूरचनेवर निबंध लिहिला. पुढे नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी दोन थरांमधल्या गाळातून शंखशिंपल्यांचे जीवाश्म धुंडाळले. लाव्हा थांबला, की तळी भरत होती! ज्याला आपण ओसाड म्हणतो, त्याच्या पोटात पाण्याची आठवण आहे.

साहित्यिकांनी भूमी पाहिलीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ गाव रिकामे करतो. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) वऱ्हाडी बोलीतूनच दारिद्र्य बोलते. पण दोन्हींकडे माती माणसाला सोसावी लागते. तिचे स्वतःचे झिजणे कथेबाहेरच राहते.

खरी गोष्ट तेथेच आहे. प्रवरा किंवा तापीच्या काठी मऊ गाळात घळींचे जाळे पडते, तसे दारव्ह्याच्या कठीण खडकात पडत नाही. पण खडकावरच्या मातीत पडते. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते. पहिला पाऊस भेगांत शिरून आतून वाट पोखरतो, वरची माती ढासळते, ओघळाची घळ होते. उतार उघडा असला, तर हे काम फार लवकर उरकते. काळी गेली, की मुरूम उरतो.

शेतकऱ्याजवळ काळी, बरड, मुरमाड असे वेगळे शब्द आहेत. आपण त्या सर्वांवर ‘ओसाड’ची एकच चादर ओढतो. हा दोष केवळ भाषेचा नाही. जे जन्मतःच ओसाड ठरले, ते कोणी उजाड केले असे कोण विचारणार?

मुर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी दारव्ह्यावरून संथ जाई, तेव्हा प्रवाशाला हे शिवार निवांत पाहता येत होते. ती गाडी आता बंद आहे. तरी वाचकहो, फराळ आटोपल्यावर एखाद्या बांधावर उभे राहून घळीत डोकवा. लेखकाने काय लिहिले नाही, ते तेथे दिसेल.