ट्रम्पेटचा जुना नाद आणि माउथपीसची निवड

गोदावरीकाठचे पुणतांबे म्हटले की आपल्या जिल्ह्यातील माणसाला चांगदेवांची समाधी आठवते. त्याच गावी १९१८ साली रामचंद्र नरहर चितळकर जन्मास आले, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानी असते. पुढे सी. रामचंद्र या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटसंगीतात जे घडविले, त्याची कथा येथे सांगावयाची नाही. 'जॅझ' हा शब्द उच्चारताच आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडत. हॉटेलातले, नाचघरातले, परक्यांचे संगीत अशीच त्याची संभावना होई. पण तो नाद मराठी घराच्या ओसरीपर्यंत आणून पोहोचविणारा हा माणूस अहिल्यानगर जिल्ह्याचा, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला. आणि या कामी त्याच्या हाताशी होता तो गोव्यातील हळदोणे गावचा एक कॅथोलिक ट्रम्पेटवादक, आंतोनियो झेवियर वाझ (१९१६-१९६७). सारी मुंबई त्याला 'चिक चॉकलेट' म्हणूनच ओळखी. रात्री ताजमहाल हॉटेलात स्वतःचा वाद्यवृंद घेऊन वाजवावे आणि दिवसा सी. रामचंद्रांच्या ध्वनिमुद्रणाला साहाय्यक म्हणून उभे राहावे, असा त्याचा क्रम. १९५१ च्या 'अलबेला'त तो आपल्या सहकाऱ्यांसह पडद्यावरही दिसतो.

या लेखाचे निमित्त घरातलेच आहे. माझा पुतण्या आमच्या धर्मग्रामातील तरुणांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवितो. एका संध्याकाळी 'अलबेला'ची गाणी ऐकता ऐकता त्याने विचारले, "काका, हा आवाज कोणत्या माउथपीसने निघतो?" प्रश्न साधा होता. मी त्याला तितकेच साधे उत्तर दिले आणि ते साफ चुकीचे होते.

मुळात तो आवाज कसा आहे, हे आधी नीट ऐकले पाहिजे. 'शोला जो भडके' घ्या किंवा त्याच चित्रपटातील दुसरे कोणतेही नाचाचे गाणे घ्या. तेथील ट्रम्पेट गायकाच्या अंगावर धावून जात नाही. दोन ओळींच्या मधल्या जागेत तो बोलतो आणि बोलणे संपताच गप्प बसतो. त्याचे स्वर बहुतांशी मधल्या सप्तकात खेळतात. आवाजाला कड आहे, पण ती काचेची नव्हे, पितळी घंगाळाची. लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाने वाजविणारे वादक लांब स्वर आधी सरळ धरतात आणि अखेरीस त्याला कंप देतात. गाणारा माणूस श्वास सोडताना करील तसे. जुन्या जॅझचा नाद म्हणतात तो हाच. त्याचे मूळ मानवी कंठात आहे. आज आपल्याकडील लग्नाच्या बँडमधून हीच गाणी वाजतात तेव्हा चाल तीच असते, पण आवाज कर्ण्यातून आल्यासारखा चिरका येतो. वरातीच्या गोंगाटावर मात करावयाची असते हे खरे. तरी चाल शाबूत ठेवून नाद गमावणे, हे त्या गाण्यांचे निम्मे नुकसानच होय.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. आपण जे ऐकतो ते मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवरून आलेले असते. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात अतिउंच स्वरांश पुरेसे उमटत नसत. तेव्हा त्या आवाजातील काही ऊब वादकाची आहे आणि काही तबकडीची. दोहोंची गल्लत करून केवळ माउथपीसमधून ती ऊब काढू पाहणारा माणूस फसणारच. मी फसलो तो येथेच.

माउथपीस ही वस्तू बोटभर लांबीची. ओठाला टेकते ती तिची कड; कडेच्या आतील पोकळी ही वाटी; वाटीच्या तळाशी असलेले छिद्र हा गळा; गळ्यापलीकडे रुंदावत जाणारी आतली पोकळ वाट, आणि वाद्यात शिरते ती दांडी. यांपैकी नादावर सर्वांत उघड परिणाम करते ती वाटी. वाटी खोल असली की स्वरातील खालचे अंश उठून येतात आणि आवाज गडद, भरीव होतो. उथळ असली की वरचे अंश चमकतात, उंच स्वर सोपे जातात, पण मधल्या सप्तकातील मांस झडते. गळा मोठा केला की आवाज मोकळा सुटतो. मात्र फुप्फुसे लवकर रिकामी होतात. कडेचा प्रश्न नादाहून अधिक ओठांचा आहे. रुंद कड सुखाची वाटते, अरुंद कडेवर ओठ चपळ राहतात, आणि आतील धार ठसठशीत असली तर स्वराचा आरंभ स्वच्छ होतो.

मोजमापांचा घोळ मोठा आहे. ऑस्ट्रियात जन्मलेल्या व्हिन्सेंट बाख यांनी १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये माउथपीस बनविण्यास आरंभ केला. त्यांच्या पद्धतीत आकडा जितका लहान तितका व्यास मोठा आणि अक्षर जितके आरंभीचे तितकी वाटी खोल. ७ सी चा आतील व्यास १६.२० मिलिमीटर, ३ सी चा १६.३०, दीड सी चा १७.००. म्हणजे पहिल्या दोहोंत एका मिलिमीटरचा दहावा भाग इतकेच अंतर. पण ओठांना तेवढेही कळते. यामाहाच्या माउथपीसवर याच्या उलट, आकडा वाढला की व्यास वाढतो. म्हणून एका कारखान्याचा आकडा दुसऱ्याच्या दुकानात सांगू नये. मीरतच्या जली कोठीतून आपल्याकडे येणाऱ्या वाद्यांसोबत जो माउथपीस मिळतो, त्यावर कित्येकदा आकडाच नसतो. तो बोटाने आणि ओठानेच पारखावा लागतो.

आता माझ्या चुकीविषयी. माइल्स डेव्हिस खोल वाटीचा 'हाइम' माउथपीस वापरी, हे मी वाचले होते. गडद आवाज हवा तर खोल वाटी, असा सरळ हिशेब करून मी पुतण्याला मिळाला तितका रुंद आणि खोल माउथपीस मुंबईहून आणवून दिला. पहिल्या दिवशी घरात आवाज असा उमटला की मी मनोमन स्वतःची पाठ थोपटली. सणाच्या मिरवणुकीत तिसऱ्या गीताला त्याचे ओठ सुजले आणि चौथ्याला स्वर उतरू लागले. वाटी अति खोल असली की वरचे स्वर मुळातच उतरल्यासारखे लागतात, त्यात ओठ थकलेले. पाचव्या गीताला मुलाने ट्रम्पेट खाली घेतला आणि तो नुसता चालत राहिला. मला कोणी काही बोलले नाही. तोही बोलला नाही. पण त्यानंतर महिनाभर ते वाद्य पेटीतून बाहेर निघाले नाही, आणि हे शल्य माझ्या मनात आजही आहे.

मग मी चिक चॉकलेटची गाणी पुन्हा लावली. या वेळी माउथपीस विसरून ऐकले. गोव्यातील वादकांची ती पिढी चर्चच्या शाळेत मेस्तांच्या हाताखाली घडली. हाती वाद्य येण्यापूर्वी सूर वाचून गळ्यातून काढावयाचा, ही तेथील शिस्त. मिस्सेतील गायन, व्हायोलिन, मग बँड. तेव्हा ट्रम्पेट ओठाला लागला तेव्हा कोणता नाद काढावयाचा हे त्यांच्या कानात आधीच पक्के होते. पुढे मुंबईत अमेरिकी वादक आले. १९३६ साली क्रिकेट स्मिथ या कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादकाचा वाद्यवृंद ताजमध्ये वाजत होता. तयार कानांवर नवे वळण पडले ते असे. चिकला 'भारताचा आर्मस्ट्राँग' म्हणत. ही पदवी गौरवाची असली तरी मला ती थोडी अन्यायाची वाटते. रात्री ताजमध्ये आर्मस्ट्राँगच्या वळणाने वाजविणारा हा वादक दिवसा ख्यालाची तालीम घेतलेल्या संगीतकाराच्या चालीभोवती नेमके किती बोलावे हे ओळखत होता. हे भान नकलेतून येत नाही.

खुद्द आर्मस्ट्राँग न्यू ऑर्लिन्सच्या सुधारगृहातील बँडमध्ये कॉर्नेट शिकला. ओठांवर फार दाब देऊन वाजविल्याने त्याच्या ओठांवर व्रण पडले आणि त्यांसाठी तो आयुष्यभर मलम बाळगी. अशा माणसाचा माउथपीस कोणता, हे शोधून तोच विकत घेण्यात काय हशील? त्याचे ओठ, दात आणि छाती दुकानात मिळत नाहीत.

तरीही निवड करावीच लागते. माझे आजचे मत असे. नवशिक्याने ७ सी किंवा ५ सी सारख्या मध्यम वाटीवर दोन वर्षे काढावीत. मधल्या सप्तकातील 'जी' हळू आवाजात, श्वास पुरेल तोवर धरता आला आणि तो शेवटपर्यंत भरीव राहिला, तरच ३ सी कडे किंवा किंचित खोल वाटीकडे वळावे. कॉर्नेटचा माउथपीस खोल आहे म्हणून तो ट्रम्पेटला बसवू नये. त्याची दांडी बारीक असते, ती डगडगते आणि स्वर बिघडतात. दुकानात पाच मिनिटे उंच स्वर काढून पाहण्याला अर्थ नाही, तेथे उथळ वाटी नेहमीच जिंकते. शक्य तर आठवडाभर मागून आणावा, चर्चमध्ये वाजवावा, उघड्यावर वाजवावा, आणि ऐकावयास दुसऱ्याला वीस पावलांवर उभे करावे. वादकाला स्वतःचा आवाज श्रोत्याला येतो तसा ऐकू येत नाही. एकदा निवडला की सहा महिने तोच. डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडे थंडी असते, तेव्हा वाजविण्यापूर्वी तो मुठीत धरून गरम करावा. गार धातूवर ओठ आखडतात. अडकून बसला तर हातोडीने ठोकू नये.

पुतण्या पुन्हा जुन्या ७ सी वर आला. त्याने मला न सांगता दुसरा एक उद्योग सुरू केला होता: 'अलबेला'तील ट्रम्पेटच्या जागा तो आधी गुणगुणून पाठ करी. परवा स्वयंपाकघरातून त्याची आई म्हणाली, "रेडिओ जरा हळू कर रे." रेडिओ लावलेला नव्हता.