पुनर्मुद्रित नाण्याची साक्ष : जोगळटेंभी निधीचा फेरविचार

बोरिवलीनजीकच्या कान्हेरी येथील एका खंडित शिलालेखात वासिष्ठीपुत्र श्रीसातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे. ती कार्दमक कुळातील असून एका महाक्षत्रपाची कन्या होती. पित्याच्या नावातील ‘रु’ एवढेच अक्षर शिल्लक आहे. तो रुद्रदामन असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सातवाहन-क्षत्रप संबंधांचा हा एक पुरावा सोयरिकीचा आहे. दुसरा पुरावा वैराचा म्हणून पुढे केला जातो, तो नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या नाण्यांचा. ती नाणी क्षहरात सत्तेच्या संपूर्ण उच्छेदाची साक्ष देतात, असे विधान पाठ्यपुस्तकांतून वारंवार येते. नाण्यांचा पुरावा हे विधान कितपत पेलतो, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे.

या निधीत नहपानाची १३,२५० हून अधिक चांदीची नाणी होती व त्यांपैकी सुमारे ९,२७० गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छापलेली होती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी १९०८ साली त्यांचे विवेचन प्रसिद्ध केले. नहपानाच्या मूळ नाण्यावर एका बाजूस मुखवटा व भ्रष्ट ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आहेत. गौतमीपुत्राने त्यांवर एका बाजूस त्रिकूट चैत्य आणि स्वतःच्या नावाचा प्राकृत लेख, व दुसऱ्या बाजूस तथाकथित उज्जयिनी-चिन्ह उमटविले.

असे नाणे हाती आल्यास प्रथम ते खरोखर पुनर्मुद्रित आहे काय, हे ठरविले पाहिजे. एकाच ठशाचा घाव सरकून दुहेरी बसला, तर तीच आकृती दोनदा दिसते. पुनर्मुद्रणात दोन भिन्न आकृती दिसतात. अधिकाऱ्याने मारलेली लहान छाप नाण्याचा अल्प भाग व्यापते; येथे नव्या ठशाने संपूर्ण पृष्ठ व्यापण्याचा यत्न आहे. नवा ठसा जेथे जोराने बसला तेथे जुनी आकृती चेपून सपाट होते, आणि जेथे तो उथळ बसला तेथे ती तग धरून राहते. म्हणून चैत्याच्या कमानीने मुखवट्याची रेषा तोडली आहे की मुखवट्याने कमानीची, हे भिंगाखाली पाहिले म्हणजे आधी कोण व नंतर कोण, हे निश्चित होते.

बनावट नाण्याची पारखही याच मार्गाने होते. कारागीर जुने नाणे कोणत्याही दिशेने ऐरणीवर ठेवीत असे. त्यामुळे खालचा मुखवटा प्रत्येक नाण्यावर निराळ्या कोनात दिसला पाहिजे. दोन नाण्यांवर वरची व खालची आकृती एकाच कोनात, एकाच ठिकाणी तुटलेली आढळली, तर ती एकाच साच्यातून ओतलेली समजावीत. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रे असतात, अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि चेपलेल्या भागाची झळाळी आढळत नाही. वजन पुष्कळदा सुमारे दोन ग्रॅमच्या मूळ प्रमाणाशी जुळत नाही. तथापि केवळ वजनावरून निर्णय करणे धोक्याचे आहे.

अशा रीतीने प्रमाणित झालेले नाणे काय सिद्ध करते? नहपानानंतर गौतमीपुत्र, हा क्रम. निधीत मूळ नाणी एकट्या नहपानाचीच असल्याने दोघांमधील अंतर फार नसावे, हेही अनुमान सबळ आहे. परंतु कालनिर्णय नाण्यातून निघत नाही. नहपानकालीन लेखांतील ४१ ते ४६ ही वर्षे शकसंवताची मानली, तर शेवटचे वर्ष इ. स. १२४ येते, पेरिप्लसमधील मंबनोस म्हणजे नहपान असे धरले, तर त्याचा काळ पहिल्या शतकात जातो. जोगळटेंभीचा निधी या दोन्ही पक्षांशी सारखाच सुसंगत आहे. त्याला एका पक्षाचा साक्षीदार करणे न्याय्य नव्हे.

स्कॉट यांचे आणखी एक मत तपासण्याजोगे आहे. मुखवट्यांतील वय व ठेवण यांची भिन्नता पाहून ते कुलातील निरनिराळ्या पुरुषांचे असावेत, असे त्यांनी सुचविले. नाव मात्र सर्वत्र नहपानाचेच आहे. अनेक ठसेकारांनी दीर्घकाळ ठशावरून ठसे कोरले, तर असा फरक पडणे स्वाभाविक होय. शिवाय चेपलेल्या चेहऱ्यावरून ठेवण ठरविणे अप्रशस्त. ही तुलना पुन्हा न छापलेल्या सुमारे चार हजार नाण्यांपुरतीच मर्यादित ठेवली पाहिजे.

या चार हजार नाण्यांचे अस्तित्वच उच्छेदाच्या कल्पनेला मुख्य बाधक आहे. गौतमीपुत्राने खखरात वंश निःशेष केला, असे बलश्रीचा नाशिक येथील लेख म्हणतो. ती प्रशस्तीची भाषा होय. नाणी निराळे सांगतात. निधी साठविणाऱ्याने छापलेली व न छापलेली नाणी एकत्र ठेवली. त्याच्या दृष्टीने दोहोंचे मोल एकच असावे. पुनर्मुद्रणाचे काम चालू असतानाच निधी पुरला गेला, असाही पक्ष संभवतो. पण त्या पक्षीही जुने नाणे बाद ठरले होते, असे म्हणता येत नाही. राजाने चांदी आटविली नाही, वजन बदलले नाही. चालत्या नाण्यावर आपले नाव घातले.

पुढील घटना याच दिशेने बोट दाखवितात. सातवाहनांचे नित्य चलन शिसे, पोटीन व तांबे यांचे होते. पुळुमावीपासून त्यांची क्षत्रप धर्तीची मुखवट्याची चांदीची नाणी आढळतात. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथील स्तूपाच्या पेटीत यज्ञ सातकर्णीचे असेच एक नाणे मिळाले. जो मुखवटा गौतमीपुत्राने चैत्याखाली दाबला, तोच त्याच्या वंशजांनी आपल्या नाण्यांवर स्वीकारला. रुद्रदामनाचा इ. स. १५० चा जुनागढ लेखही सातकर्णीला दोनदा जिंकून निकटसंबंधामुळे त्याचा नाश केला नाही, असे सांगतो.

क्षहरात व कार्दमक ही कुळे भिन्न होत, हे विसरता कामा नये. कान्हेरीच्या लेखाने नहपानाच्या पराभवाचा प्रश्न सुटत नाही. परंतु जोगळटेंभीच्या नाण्यांना कान्हेरीच्या लेखाविरुद्ध उभे करण्याचेही कारण उरत नाही. सत्ता बदलली, पण व्यवहाराचे साधन पुढे चालू राहिले, एवढेच हे नाणे निःसंशय सांगते. खालची छाप आधी वाचून मग वरची वाचावी, हा नियम पाळल्यास अभ्यासकाला त्याहून अधिक त्याच्याकडून वदवून घेण्याचा मोह होणार नाही.